लिदित्सेचा हात स्टोकने धरला



युद्धाने उद्ध्वस्त केलेलं गाव पुन्हा कुणी उभं करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी वेळ अपुरी पडली तरी चालेल. अशा गावाचा हात एखाद्या शहराने धरावा, तेही त्याच धंद्यातल्या माणसांच्या शहराने. आणि गाव मोकळं होण्याची वाट पाहू नये.

नाझी अधिकारी हायड्रिश कोण, २७ मे १९४२ला प्रागमध्ये त्याच्यावर हल्ला कुणी केला, हे तुम्ही वाचलंय, चित्रपटांतही पाहिलंय. त्यात शिरत नाही. त्या हल्ल्याचा सूड उगवायला नाझींनी चेकोस्लोव्हाकियातलं लिदित्से निवडलं. क्लाद्नोच्या कोळसा खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्यांचं, जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. १० जूनला होराक यांच्या शेतवाड्याच्या भिंतीला गाद्या उभ्या केल्या, गोळ्या आपटून उलट फिरू नयेत म्हणून. पुरुषांना आधी पाच-पाच करून उभं केलं, मग उरकेना म्हणून दहा-दहा. १७३ जण. रात्रपाळीला गेलेलेही वाचले नाहीत, त्यांना नंतर प्रागमध्ये मारलं. बायका राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेल्या, ८२ मुलं हेल्मनोच्या छावणीत विषारी वायूने मारली. घरं जाळून सुरुंगाने उडवली, स्मशानभूमी उकरली, ओढासुद्धा वळवला. आणि हे लपवलं नाही, रेडिओवरून जगाला सांगितलं.

आता इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट. घरात जुनी विलायती कपबशी असेल तर बशी उलटी करून पाहा, या शहराच्या एखाद्या कारखान्याचा शिक्का सापडायची शक्यता बरीच आहे. (श्रोत्यांतून : 'आमची फुटली!' हशा.) भट्ट्यांना कोळसा हवा, तो तिथल्याच खाणींतला. तिथे डॉ. बार्नेट स्ट्रॉस नावाचे नगरसेवक होते. जन्म पोलंडमधला, ज्यू घरातला, लहानपणीच इंग्लंडला आलेले. या डॉक्टरांविषयी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळी गोष्ट त्यांच्या दवाखान्यातून सुरू होते.

खाणीत दगड फोडताना आणि चिनी मातीच्या कामात गारेची भुकटी उडताना सिलिकाची बारीक धूळ छातीत जाते. गेलेली बाहेर पडत नाही. फुप्फुसावर व्रण पडत जातात, ते ताठर होतं, आणि ऐन चाळिशीतला गडी जिना चढताना मध्येच बसतो. मालकाला हा साधा खोकला म्हणणं सोयीचं असतं. धुळीनेच आजार झाला हे सिद्ध होईपर्यंत भरपाईचा पैसा मिळत नाही, आणि तोवर कैकदा घरात बायको विधवा झालेली असते. स्ट्रॉस या भरपाईसाठी वर्षानुवर्षं भांडले. असा माणूस म्हणाला, की दूरदेशी आपल्यासारख्याच खाणवाल्यांचं गाव मारलंय, तर त्याचं ऐकलं जाणारच.

१९४२च्याच १ जानेवारीला स्टोकमधल्याच स्नीड खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला होता. ५७ माणसं गेली, त्यांत कोवळी पोरंही. त्या घरांचं सुतक मनातून गेलेलंही नसेल. आणि ६ सप्टेंबरला स्टोकमधल्या हॅन्लीच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये सभा भरली. चेकोस्लोव्हाकियाचे परागंदा अध्यक्ष बेनेश मंचावर होते. 'लिदित्से जगेल' हे मोहिमेचं नाव. खाणकामगारांनी पगारातून पैसे काढले, निधी ३२ हजार पौंडांच्या घरात गेला. तेव्हा गावाच्या जागी सपाट माळ होता, तोही शत्रूच्या ताब्यात, आणि युद्ध कुणीकडे झुकेल कुणालाच ठाऊक नव्हतं. अंदाजपत्रक मागवून नंतर बघू, असं कुणी म्हटलं नाही.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो : 'त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी चिमूरला काय केलं, तेही सांगा.' प्रश्न रास्त आहे. (टाळ्या.) टाळ्या वाजवा, मी उत्तर चुकवणार नाही. विदर्भातल्या चिमूरमध्ये बायकांवर अत्याचार झाले आणि चौकशीसाठी गांधीवादी भन्साळींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तेच राज्य, तेच आठवडे. चिमूरच्या बायकांसाठीही हॅन्लीत सभा भरायला हवी होती. पण म्हणूनच मी सरकारांच्या मदतीवर बोलत नाही. सरकार आज एकाला जवळ करतं, उद्या दुसऱ्याला. स्नीडच्या विधवेच्या शेजाऱ्याने दिलेला शिलिंग त्या हिशेबातला नव्हता.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मग पुढचं भरभर. १४३ बायका परतल्या, मुलं फक्त १७. १९४७मध्ये जुन्या जागेशेजारी नव्या गावाचं काम सुरू झालं. १९५५मध्ये स्ट्रॉस यांच्याच पुढाकाराने, देशोदेशींच्या रोपांची गुलाबबाग झाली. १९६७मध्ये स्ट्रॉस वारले, त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी जगभरच्या चित्रकारांना लिदित्सेसाठी चित्रं द्या म्हणून सांगितलं. गेर्हार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराने दिलेलं चित्र त्याच्या मामाचं आहे, जर्मन सैन्याच्या गणवेशात हसत उभा असलेल्या. ते आज तिथल्या संग्रहात आहे. त्यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हावं.

शेवटचं. युक्रेनमधलं वुहलेदार हे कोळशाचं गाव युद्धात पार बेचिराख झालं आणि रशियाच्या ताब्यात गेलं. ते परत कधी वसेल सांगता येत नाही. चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणींतल्या कामगार संघटनांनी तिथल्या विस्थापित खाणकामगारांसाठी आत्ताच ठराव करावा, रक्कम कितीही लहान असो. मसुदा मी लिहून आणला आहे. बाहेर टेबलावर ठेवतो.