जुन्या संगणकाचे नेटवर्क बंद पडल्यास काय तपासावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पिकांवरील रोग-किडींविषयी आपण या व्यासपीठावरून नेहमी ऐकता. आज विषय थोडा वेगळा आहे. सातबारा, पीकविमा, अनुदानाचे अर्ज, दूध संस्थेचा हिशेब ही सर्व कामे आता संगणकावर होतात. गावातील सोसायटीत किंवा आपल्या घरी असलेला संगणक बहुधा दहा-पंधरा वर्षांचा जुना असतो. तो चालू होतो, पण ऐन वेळी नेटवर्क मिळत नाही आणि काम अडते.

दोन वर्षांपूर्वी एका गावी पीक पाहणीसाठी गेलो होतो. विम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. सोसायटीच्या ओट्यावर तीसएक शेतकरी कागद घेऊन बसले होते. आत संगणक सुरू होता, पण विम्याचे पान काही उघडेना. दुरुस्तीवाल्याने फोनवरूनच निदान केले होते, की यंत्र जुने झाले, नवीन घ्या. काही मंडळी दुपारीच तालुक्याला निघून गेली होती. त्यांचा दिवस आणि एस.टी.चे भाडे दोन्ही गेले. त्या संगणकात काय बिघडले होते ते पुढे सांगतो, कारण तोच दोष अनेक जुन्या संगणकांत आढळतो.

विहिरीवरील मोटार बंद पडली म्हणून आपण लगेच पंप वर काढत नाही. आधी लाईट आहे का, फ्यूज गेला आहे का, स्टार्टर उचलतो का, हे पाहतो. येथेही तोच क्रम ठेवावा. पाणी कोठपर्यंत आले आणि कोठे अडले, एवढेच शोधायचे आहे.

प्रथम राउटरच्या पेटीवरील दिवे पहावेत. फायबरचे कनेक्शन असल्यास पेटीवर 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोचत नाही असे समजावे. कोठे तरी रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडलेली असते. अशा वेळी संगणक उघडून काही उपयोग नाही. कंपनीकडे तक्रार करावी. पेटीत येणारी बारीक फायबर वायर दुमडू नये आणि काढलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण त्यातून लेसर किरण येतो.

पेटीवरील दिवे ठीक असल्यास संगणकाच्या मागील बाजूस जावे. जेथे जाळ्याची केबल खोचलेली असते, तेथे बहुतेक संगणकांना एक-दोन बारीक दिवे असतात. तेथे एकही दिवा लागत नसेल, तर केबल, तिचे टोक किंवा संगणकातील लॅन कार्ड यांपैकी काहीतरी खराब आहे. केबल काढून पुन्हा खोचावी, 'टक्' असा आवाज यावा. टोकावरील प्लास्टिकची जीभ तुटली असल्यास केबल सैल राहते आणि टेबल हलले की संपर्क तुटतो. धान्याच्या गोदामालगत कार्यालय असेल, तर उंदराने केबल कुरतडली आहे का हे कपाटामागे वाकून पहावे. माझ्या अनुभवात गावाकडील निम्म्या तक्रारी येथेच संपतात. केबलमध्ये आठ तारा असतात, परंतु जुने लॅन कार्ड त्यांपैकी चारच वापरते. त्यामुळे त्यांतील एक तार तुटली तरी काम थांबते. केबलची एकसलग लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी.

दुसरी चांगली केबल लावूनही दिवा लागत नसेल, तर लॅन कार्ड गेले आहे असे धरावे. वळवाच्या पावसात विजा झाल्यावर हे फार घडते. वीज विजेच्या तारेतूनच येते असे नाही, ती जाळ्याच्या केबलमधूनही येते. म्हणून आभाळ भरून आले की दोन्ही केबल काढून ठेवाव्यात. कार्ड जळाले म्हणजे संगणक गेला असे नाही. यूएसबीला जोडण्याचा लॅन अडॅप्टर थोड्या खर्चात मिळतो.

दिवा लागतो, तरीही पान उघडत नाही, तेव्हा पुढची पायरी घ्यावी. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबावी. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत 'सीएमडी' टाइप करावे. काळा पडदा उघडेल. त्यात 'आयपीकॉन्फिग' हा शब्द जोडून लिहावा. येणाऱ्या माहितीत संगणकाचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने आपल्या संगणकाला पत्ता दिलेलाच नाही, संगणकाने तो स्वतःच्या मनाने घेतला आहे. राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करावा आणि त्यानंतर संगणक सुरू करावा. तरीही तोच पत्ता आला, तर केबल व राउटरचे ते भोक बदलून पहावे.

येथे आणखी एक घोटाळा होतो. पूर्वीच्या कंपनीच्या माणसाने पत्ता हाताने भरून ठेवलेला असतो. पुढे कंपनी बदलते, राउटर बदलतो, पण जुना पत्ता तसाच राहतो. घर बदलले आणि पत्रे जुन्या घरी जात राहिली, तसा हा प्रकार आहे. नेटवर्कच्या मांडणीत जाऊन पत्ता व डीएनएस हे दोन्ही आपोआप मिळण्याचा पर्याय निवडावा.

पत्ता ठीक दिसत असल्यास त्याच पडद्यावर 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो, तो राउटरचा असतो. बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. 'पिंग' लिहून, एक जागा सोडून तो आकडा टाकावा. उत्तर आले तर राउटरपर्यंतची वाट मोकळी आहे. नंतर ८.८.८.८ ला पिंग करावे. तेथूनही उत्तर आले, म्हणजे बाहेरचे जाळे चालू आहे. एवढे होऊनही नावाने पान सापडत नसेल, तर दोष बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत असतो. तेव्हा डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ हाच आकडा भरून पहावा.

वाय-फायबद्दल थोडक्यात सांगतो. जुने डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पकडते. नवा राउटर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवला असेल, तर मोबाईलला नाव दिसेल आणि संगणकाला दिसणार नाही.

आता त्या सोसायटीकडे वळू. दिवे लागत होते, पत्ता बरोबर होता, पिंगला उत्तर येत होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले, तर तारीख २००९ सालची! संगणक बंद असताना त्याचे घड्याळ आतील तीन व्होल्टच्या गोल सेलवर चालते. तो सेल संपला की दिवा गेल्यावर तारीख मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाजवळ प्रमाणपत्र असते व त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नव्हते, म्हणून तो पान उघडू देत नव्हता. तारीख व वेळ हाताने दुरुस्त केली आणि पान उघडले. रात्री साडेदहापर्यंत अर्ज भरले गेले. तालुक्याला गेलेल्यांपैकी दोघांना फोन लागला नाही, त्यांचे अर्ज राहिले. सेल दोन दिवसांनी घड्याळाच्या दुकानातून आणून बसवला. त्याचा क्रमांक 'सीआर २०३२' असा असतो. बदलताना संगणकाची पिन काढून ठेवावी आणि अधिकची खूण असलेली बाजू पूर्वीसारखीच ठेवावी.

तारीख बरोबर असूनही काही ठराविक पाने उघडत नसतील, तर संगणकप्रणालीचे वय पहावे. विंडोज एक्सपीला मिळणारी दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अनेक संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती ते एक मूळ प्रमाणपत्र संपले आणि जुन्या संगणकांवर ती पाने एकाएकी बंद झाली. विंडोज ७ वर क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. अशा यंत्रावर फायरफॉक्सची ११५ वी आवृत्ती घालून पहावी, कारण फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर आणतो. एक्सपीचे यंत्र मात्र हिशेबापुरतेच ठेवावे. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

राउटरचे कोणते दिवे लागतात, संगणकाचा पत्ता, गेटवे व तारीख काय दिसते, हे एका कागदावर लिहून मगच दुरुस्तीवाल्यास फोन करावा. संगणक चांगला चालत असताना हेच आकडे एकदा लिहून भिंतीला चिकटवून ठेवले, तर बिघाडाच्या दिवशी ताडून पाहता येतात. कंपनीकडे तक्रार नोंदविल्यास तिचा क्रमांक व वेळही त्याच कागदावर टिपून ठेवावी.