रुग्णवाहिका आणि नगराची जबाबदारी
(सुवर्णमहोत्सवी समारंभात न्यासाच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाचे काही कायमचे स्मारक व्हावे, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांनी बोलून दाखविली आहे. त्यांत सर्वाधिक आग्रह रुग्णवाहिकेचा आहे. सूचना उदार आहे. परंतु निर्णय होण्यापूर्वी चार गोष्टी आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

गाडी देणे सोपे. ती चालू ठेवणे कठीण. हिशेब साधा आहे. रात्रंदिवस सेवा म्हणजे दररोज आठ तासांच्या ३ पाळ्या, आठवड्याच्या २१. एक माणूस आठवड्यास ६ पाळ्या करणार. म्हणजे एकाच गाडीस किमान ४ चालक आणि ४ परिचारक हवेत. शिवाय इंधन, प्राणवायू, विमा, दुरुस्ती आहेच. बोलावणे येवो न येवो, पगार द्यावाच लागतो. भाडे मात्र बोलावणे आले तरच मिळते, आणि गरिबाकडून पुष्कळदा तेही घेववत नाही. त्यामुळे खासगी रुग्णवाहिका, मग ती धर्मादाय असो वा व्यापारी, निव्वळ भाड्यावर तगणे अवघड असते.

याचा मोठा दाखला आपल्याच हैदराबादने पाहिला आहे. १५ ऑगस्ट २००५ रोजी येथे १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा सुरू झाली. तिचे आश्रयदाते ‘सत्यम’चे रामलिंग राजू होते. पुढे गुजरातने २००७ साली आणि गोव्याने २००८ साली ही सेवा स्वीकारली, म्हणून आपले बडोद्याचे व पणजीचे आप्तही तिला ओळखतात. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी ‘सत्यम’च्या हिशेबांतील लबाडी पत्राने कबूल केली आणि आश्रयदाताच कोसळला. तरी १०८ बंद पडली नाही. तोवर राज्य सरकारने करार करून चालविण्याच्या खर्चाचा बहुतांश भार उचलला होता. त्याच वर्षी जी.व्ही.के. समूहाने व्यवस्थापनाची धुरा घेतली. दाता गेला तरी सेवा उरली, कारण तिचा पाया एकट्या दात्यावर राहिलेला नव्हता.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘ट्रान्सकेअर’ या खासगी कंपनीच्या काही गाड्या शहराच्या आपत्कालीन व्यवस्थेत धावत. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे काम एकाएकी थांबले. शहराच्या अग्निशमन खात्याने आपल्या गाड्या व माणसे लावून ती पोकळी भरून काढली. त्या खात्याजवळ स्वतःचे बळ होते म्हणूनच हे जमले. जेथे असे बळ नाही, तेथे रुग्णाने काय करावे?

म्हणून आमचे म्हणणे असे की रुग्णवाहिका कोणाचीही असो, तिच्यावर स्थानिक शासनाची नजर हवी, आणि ती वेळेवर हवी. डबघाईला आलेली सेवा एका दिवसात बुडत नाही. आधी पगार लांबतात, मग अनुभवी माणसे सोडून जातात. मग झिजलेले टायर तसेच राहतात, नळकांडे अर्धे भरलेले फिरते. पाटी तीच, घंटा तीच. बाहेरच्याला काहीच कळत नाही. गाडी आली नाही हे कळते तेव्हा दारात रुग्ण असतो.

महानगरपालिका व जिल्हा प्रशासन यांनी दरमहा तीन गोष्टी तपासाव्यात: बोलावणे आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत लागलेला वेळ, पाळीवर प्रत्यक्ष हजर असलेली माणसे, आणि थकलेली देणी. गाडी कोणत्या प्रतीची आहे हेही पाहावे. ए.आय.एस. १२५ या राष्ट्रीय संहितेत रुग्णवाहिकांचे ४ प्रकार ठरविले आहेत; केवळ रुग्ण नेणारी गाडी आणि प्राणरक्षणाची साधने असलेली गाडी एक नव्हेत. सेवा बंद करावयाची झाल्यास आगाऊ सूचना द्यावी, आणि मधल्या काळात ती कोणी चालवावी, हे करारातच लिहिलेले असावे.

परंतु देखरेख म्हणजे केवळ दंडुका नव्हे. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रुग्णवाहिकांचे दर वाजवी ठरवावेत असे राज्यांना सांगितले. ते योग्यच झाले. मात्र दर खाली आणला की तूट कोणी भरावी, हाही प्रश्न त्याबरोबरच सुटला पाहिजे. सरकारी बिले महिनोन्महिने अडली, तर प्रामाणिक चालकही बुडतो. ज्याने तपासावे त्यानेच वेळेवर पैसेही द्यावेत.

यावरून आपल्या न्यासापुरता प्रस्ताव असा. महोत्सव निधीतून नवी गाडी घेऊ नये. मूळ रक्कम ठेव म्हणून राखावी आणि तिच्या व्याजातून गरीब रुग्णांचे भाडे द्यावे. ते फक्त अशाच सेवेस, जी आपली नोंदवही व हिशेब दाखवील. तसेच काचीगुडा, सुलतान बाजार व इतर भागांतील आपल्या सभासदांनी मिळून महानगरपालिकेकडे मासिक तपासणीची लेखी मागणी करावी.

गाडीवर न्यासाचे नाव रंगविलेले दिसणार नाही, याची रुखरुख काहींना लागेल, हे आम्ही जाणतो. पण मध्यरात्री फोन केल्यावर गाडी दारात येणे, हे त्या नावाहून मोठे आहे. सर्वसाधारण सभेत सभासदांनी या प्रस्तावाचा मोकळ्या मनाने विचार करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.