कायदा, गुन्हेशास्त्र आणि पायाभरणीचे वर्ष

(दादर येथील पालक-विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या पायऱ्यांवर पालकांची वर्दळ सुरू होते. विज्ञान शाखेचा मुलगा असेल तर प्रश्न सोपा असतो. गुण पाहावयाचे आणि यादीत नाव शोधावयाचे. अडचण असते ती कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांची. त्यांचे पालक खालच्या आवाजात विचारतात, “सर, आता ह्याचं काय करायचं?” जणू मुलगा आजारीच पडला आहे! याच मुलांसाठी मी आज कायदा आणि गुन्हेशास्त्र हा विषय निवडला आहे.

विषय निवडण्यास एक निमित्तही घडले. एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलाला बारावीत बावन्न टक्के गुण. हातात परदेशी विद्यापीठाचे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक. एका एजंटाने त्यांना सांगितले होते की, इंग्लंडमध्ये ‘कायदा आणि गुन्हेशास्त्र’ असा पदवी अभ्यासक्रम आहे, गुण कमी असले तरी एक ‘फाउंडेशन इयर’ केले की प्रवेश पक्का, आणि मुलगा परत येईल तो बॅरिस्टर होऊनच. त्यासाठी कोकणातली वडिलोपार्जित जमीन विकण्याची बोलणी सुरू झाली होती. माझ्याकडे ते सल्ला मागायला आले नव्हते, दाखल्यांच्या प्रतींवर सही-शिक्का घ्यायला आले होते. मी त्यांना म्हटले, “बसा, आधी हे माहितीपत्रक आपण दोघे मिळून वाचू.” ते वाचताना जे निघाले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

फाउंडेशन इयर म्हणजे पायाभरणीचे वर्ष. ते पदवीचे वर्ष नव्हे. पदवीच्या तीन वर्षांआधी एक वर्ष इंग्रजी लेखन, टिपणे काढणे, निबंध, विषयाची तोंडओळख असे करून घेतात. म्हणजे तीनाची चार वर्षे झाली आणि खर्चही चार वर्षांचा. कल्पना वाईट नाही. ज्याची तयारी कच्ची आहे त्याला एकदम खोल पाण्यात ढकलण्यापेक्षा हे बरे. परंतु पदवीच्या नावात ‘कायदा’ हा शब्द असला म्हणजे वकिलीची सनद मिळतेच असे नाही. भारतात वकिली करावयाची तर परदेशी पदवीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता हवी, परत आल्यावर पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि बारावीनंतर केलेली तीन वर्षांची पदवी आपल्या नियमात बसत नसल्यास वर आणखी जोड-अभ्यासक्रम करावा लागतो. नुसत्या गुन्हेशास्त्राच्या पदवीवर तर वकिली करताच येत नाही. आणि ‘बॅरिस्टर’ ही पदवी विद्यापीठ देत नाही. त्यासाठी पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण आणि ‘इन’ची पायरी असते. यातले एक अक्षरही एजंटाने सांगितले नव्हते.

आता गंमत पहा. पायाभरणीचे वर्ष शोधायला हे गृहस्थ सातासमुद्रापार निघाले होते आणि ते इथे, दादरपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर होते! आपल्याकडे बारावीनंतरचा कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी त्याला बसू शकतो. खुल्या प्रवर्गाला किमान पंचेचाळीस टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना काही सवलत आहे. मुंबई विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांत प्रामुख्याने इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र आणि कायद्याची भाषा हे विषय शिकवतात. मग ही पायाभरणी नाही तर दुसरे काय? तीन वर्षे पुरी झाली की बी.एल.एस. आणि पाच पुरी झाली की एलएल.बी. ज्यांना आधी बी.ए. किंवा बी.कॉम. करावयाचे आहे त्यांना पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम खुला आहेच. दोन्ही वाटांना राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते. पदवीनंतर सनद घेतल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा आहे. ती २०११ पासून सुरू झाली.

महाविद्यालयांची वाण मुंबईत नाही. चर्चगेटचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ पासूनचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली त्याचे प्राचार्य झाले. त्यांचे ‘राजगृह’ इथून जवळच, हिंदू कॉलनीत. माटुंगा-माहीमच्या बाजूला न्यू लॉ कॉलेज, फोर्टात सिद्धार्थ विधि महाविद्यालय, आणि बोरीबंदरासमोर अंजुमन-इ-इस्लामचे बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या नावाचे महाविद्यालय. अंतुले हे आपल्याच कोकणातले, आंबेतचे.

अंजुमनचे नाव निघाले म्हणून बद्रुद्दीन तय्यबजींची हकिकत सांगतो. त्यांचा जन्म १८४४ चा. सुरुवातीला मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन. कोवळ्या वयातच ते इंग्लंडला गेले. पण तेथे पोहोचताच ते कायदा शिकू लागले, असे नाही. आधी शाळेत बसले, लंडनची मॅट्रिक केली, मग मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. म्हणजे त्या काळचे पायाभरणीचे वर्षच म्हणा. मध्येच डोळ्यांनी दगा दिला, अभ्यास अर्धा टाकून मुंबईस परतावे लागले. वर्षभराने पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले ते पहिले भारतीय. पुढे न्यायमूर्ती झाले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्याआधी, १८७४ मध्ये, अंजुमनच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. एक वर्ष वाया गेले म्हणून मुलांना टाकून बोलणाऱ्या पालकांनी ही मधली खंडित वर्षे ध्यानात ठेवावीत.

आता गुन्हेशास्त्र. पुष्कळांची समजूत अशी की, हा विषय म्हणजे दूरदर्शन मालिकेतला तपास, बोटांचे ठसे आणि भिंग. ते न्यायवैद्यक आणि न्यायसहायक विज्ञान. त्याची प्रयोगशाळा कलिन्याला आहे आणि तिथे जायला विज्ञानाची पदवी लागते. गुन्हेशास्त्र वेगळे. गुन्हा का घडतो, कोणाच्या हातून घडतो, शिक्षेने माणूस सुधारतो की बिघडतो, आणि सुटून आल्यावर त्याचे काय होते, याचा हा अभ्यास.

फरक एका खटल्याने सांगतो. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला. खालच्या न्यायाधीशांनी दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. गवंड्याने दहा हजार आणावे कोठून? प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडविले. कायद्याचा विद्यार्थी विचारील, ‘कलम कोणते, जामीन मिळतो की नाही?’ गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी विचारील, ‘जामीन मिळूनही हा माणूस आत का?’ दोन्ही प्रश्न ज्याला विचारता येतात तो खरा उपयोगाचा वकील.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शंभरात सुमारे शहात्तर, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. आपल्या समाजाने हा आकडा घराबाहेरचा समजू नये. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ च्या सुमारास राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. त्यात भेटले ते बहुतेक तरुण, गरीब आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. आमच्या वर्गातून नववीत गळलेली मुले पुढे कोठे जातात, हा प्रश्न शिक्षकाला सुखाने झोपू देत नाही.

या संस्थेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ती १९३६ साली सुरू झाली ती आपल्या नागपाड्यात. आज ती देवनारला आहे आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात गुन्हेशास्त्र हा विषय तिथे कित्येक दशके शिकवला जातो. तिच्याच ‘प्रयास’ या प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत जातात, कैद्याच्या घरी निरोप पोहोचवितात, मोफत वकील मिळवून देतात. कोणत्याही शाखेचा पदवीधर या वाटेने जाऊ शकतो. वकिलीच करावयाची असेल तर एलएल.बी.मध्ये फौजदारी कायदा सक्तीचा आहेच, आणि पुढे एलएल.एम.ला गुन्हेविषयक गट घेता येतो.

भाषेची भीती मात्र मनातून काढा. इंग्रजी लागते, ते पाच वर्षांत येते. पण मुंबईच्या पोलीस ठाण्यात फिर्याद, जबाब, पंचनामा हे सारे मराठीत लिहिले जाते. आरोपीची आई रडून सांगते ती उर्दूमिश्रित हिंदीत, आणि हायकोर्टाचा निकाल येतो इंग्रजीत. तिन्ही भाषा ज्याच्या जिभेवर आहेत असा मुलगा आपल्याच घरांत आहे! शिवाय हे शब्द बघा: वकील, जामीन, फिर्याद, कैद, मुद्देमाल, मुचलका, दस्तऐवज, कायदा. मराठी न्यायालयाचा अर्धा शब्दकोश अरबी-फारसीतून आलेला. आमच्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही, त्याने तो आजीच्या तोंडून ऐकलेला असतो.

शिकणाऱ्यांना सध्याची वेळही अनुकूल आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. मोठमोठ्या वकिलांना नवी कलमे पुन्हा पाठ करावी लागत आहेत. नवा विद्यार्थी या एका बाबतीत त्यांच्या बरोबरीने उभा आहे. नव्या प्रक्रिया संहितेच्या ४७९ व्या कलमात अशी तरतूद आहे की, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला तर त्याला मुचलक्यावर सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले सोडून. हे कलम वस्तीत किती जणांना ठाऊक आहे?

मुलींबद्दल एक शब्द. “कोर्टात मुलीचं काय काम?” असे मला अनेकदा ऐकावे लागते. पोटगीचा, मेहेरचा, मारहाणीचा दावा घेऊन जाणारी बाई पुरुष वकिलासमोर सारे मोकळेपणे सांगू शकते काय, एवढेच मी उलट विचारतो. कायदेशीर सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तो वकील बाईच असली तर काय बिघडले? २०२४-२५ पासून राज्याने ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. आपला प्रवर्ग त्यात येतो का ते महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला निकालानंतर काढायला धावू नका. तहसील कचेरीतली रांग तुम्हाला ठाऊक आहे.

त्या गृहस्थांचे काय झाले, हे आपण विचाराल. जमिनीचा व्यवहार त्यांनी थांबविला आहे. मुलगा सध्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो. इंग्लंडचे नाव त्याने अजून सोडलेले नाही आणि मीही त्याला ते सोड म्हणत नाही. इथली पदवी आणि सनद हातात असली तर तिकडे एका वर्षाच्या एलएल.एम.साठी शिष्यवृत्ती मागता येते, आणि ते चार वर्षांच्या खर्चापेक्षा निश्चित स्वस्त पडते.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस भोईवाड्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. न्यायालय सर्वांना खुले असते, त्याला तिकीट नाही. साधे कपडे घाला, मोबाइल बंद ठेवा, आणि रिमांडच्या वेळी आरोपीच्या बाजूने कोण उभे राहते ते मोजा. मला येऊन आकडा सांगा.