खोलीचं भाडं कोण भरणार?

(परभणी जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)

बारावीचा निकाल लागला की मुली आपल्याकडे येतात. कोणतं कॉलेज घेऊ, कोणता फॉर्म भरू, असं विचारतात. आपण फॉर्म भरून देतो, दाखले काढायला मदत करतो. पण राहणार कुठे आणि महिन्याचा खर्च कोण देणार, हे मात्र शेवटी विचारतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे प्रश्न सगळ्यात आधी विचारा, आणि न लाजता विचारा.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळं वजन आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. गावात शाळा आहे तोवर मुलगी शिकते. बारावीपर्यंत एस.टी.चा पासही मोफत आहे. त्यानंतर शहरात राहायची वेळ आली की घरात खर्चाची आणि अब्रूची चर्चा एकाच वेळी सुरू होते. "खोलीला पैसे घालण्यापेक्षा लग्न उरकून टाकू," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय.

२०२४ साली सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी माफ केली. चांगलं झालं. पण माफ झाली ती फी. खोली, डबा, लाइट बिल यांचा खर्च तसाच राहिला. शासकीय वसतिगृहांतल्या जागा ठरावीक, अर्ज कितीतरी जास्त. अशी जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचे पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यावर येतात, ही मोलाची गोष्ट. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये ठरले. त्या ४३,००० मध्ये राहण्याचे १२,०००, म्हणजे महिन्याला एक हजार. तेही हप्त्याने आणि बहुतेक वेळा उशिरा. घरमालक मात्र डिपॉझिट जून-जुलैतच मागतो. नेमकं तेव्हाच घरातला पैसा सोयाबीन-कापसाच्या बियाण्याला आणि खताला गेलेला असतो.

म्हणून तीन-चार मुली मिळून खोली करतात. त्यातली एक गेली की नवी शोधतात. ही नवी मुलगी घेतानाच मोकळेपणाने बोललं जात नाही. "ये गं, बघू नंतर," असं म्हणून तिला घेतात. मग तिला कळतं की डिपॉझिटचा वाटा द्यायचाय, मेसचे पैसे आगाऊ लागतात, गॅस आणि पाण्याच्या जारची वर्गणी वेगळी. ती लाजेनं बोलत नाही. आधी एक वेळचा डबा बंद करते, मग गावी निघून जाते. घरचे म्हणतात, "पोरीचं मनच लागलं नाही."

यावर उपाय साधा आहे. मुलगी खोलीत येण्याआधी कागदावर लिहा: भाडं किती, डिपॉझिट किती, सोडताना परत किती मिळणार, सुट्टीत गावी गेलं तरी भाडं द्यायचं का, कोणाचे पैसे उशिरा आले तर किती दिवस थांबायचं. कागदावर सगळ्यांच्या सह्या. घरमालकाकडून पावती घ्यायचीच.

दुसरं, पैशाआडून जात विचारली जाते. मालक आडनाव ऐकतो आणि खोली "कालच गेली" म्हणतो. कधी खोलीतल्या मुलीच "आमच्यात मटण चालत नाही" म्हणून नवीला वाटेला लावतात. मैत्रिणींनो, इथे आपण गप्प बसलो तर आपल्या भगिनीभावाला काही अर्थ उरत नाही. जी मुलगी भाड्याचा वाटा देणार आहे, तिला तिच्या पानात काय वाढलंय हे विचारायचा कोणाला अधिकार नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम. दोन्हीकडे शिक्षणाबरोबर राहण्या-जेवणाची सोय होती. बाईला घराबाहेर हक्काची जागा नसेल तर तिला शिकवता येत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आपल्या गटांनी तीन कामं उचलावीत. एक, निकालाआधीच मुलींना राहता येईल अशा खोल्यांची यादी करावी. मालकाशी आपण बोलावं, मुलीला एकटीला पाठवू नये. दोन, बचत गटातून डिपॉझिटपुरती उचल द्यावी, ती योजनेचे पैसे आल्यावर फेडता येईल. तीन, वसतिगृहांच्या जागा आणि स्वाधारचे हप्ते वेळेवर मिळावेत म्हणून समाजकल्याण कार्यालयात अर्ज घेऊन एकेकटीनं नव्हे, गटानं जावं.

आणि आईशी बोला. बापाशी पैशाचं बोलणं होतंच, पण कानातलं गहाण टाकून डिपॉझिट भरणारी बहुतेक वेळा आईच असते. तो पैसा कुठे जाणार आणि त्यातला परत किती येणार, हे तिला आधी कळायला हवं.