दोन जीव, दोन हक्क
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गर्भपाताचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जो प्रश्न घरोघरी बंद दाराआड सोडविला जातो, त्याचा विचार केव्हातरी चारचौघांत व्हावयास हवा.

उदरातील जिवाला जगण्याचा हक्क आहे असे एक पक्ष म्हणतो. ज्या स्त्रीच्या देहावाचून तो जीव तगू शकत नाही, तिचा स्वतःच्या देहावर व आयुष्यावर हक्क आहे, असे दुसरा म्हणतो. हे दोन हक्क एकमेकांस भिडले, तर कौल कोणाला द्यावा?

या वादात तिसरा पक्ष समाजाचा. आणि तोच बहुधा नामानिराळा राहतो. १८६० च्या दंडसंहितेने स्त्रीचा प्राण वाचविण्याचा अपवाद सोडून गर्भपात गुन्हा ठरविला. विधवेला पुनर्विवाह नाकारणारा समाज तिला दिवस गेल्यावर मात्र हात वर करी. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. अर्भकाचा कैवार घेणाऱ्याने मातेचा भारही उचलला पाहिजे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

१९७१ च्या कायद्याने विवक्षित कारणांसाठी गर्भपातास मुभा दिली. २००८ साली मुंबईच्या एका दाम्पत्यास गर्भाच्या हृदयातील दोष कळला, तोवर वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती. डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले. अर्ज फेटाळला गेला. २०२१ साली काही वर्गांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवडे झाली. गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळ त्यापुढेही अनुमती देऊ शकते.

तरीही पेच संपला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका मातेने, मनाच्या आजारामुळे, सव्वीस आठवड्यांचा गर्भ काढण्याची परवानगी मागितली. गर्भ निर्दोष होता. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. मात्र बाळंतपणाचा खर्च शासनावर टाकला आणि मूल दत्तक देण्याची वाट मोकळी ठेवली. पण त्या मातेचे मन पुढे कोणी सांभाळावयाचे?

मुलीचा गर्भ म्हणून तो पाडणे, हा पेच निराळा. तेथे स्त्रीच्या तोंडून बहुधा घरच बोलत असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला, याचा आपल्याला अभिमान असावा.

माझे मत असे की, आरंभीच्या महिन्यांत निर्णय त्या स्त्रीचाच असावा. दिवस भरत जातात तसा गर्भाचा हक्कही वाढतो. परंतु त्या हक्काच्या नावाने जो तिला थांबवील, त्याने तिच्या पाठीशीही उभे राहिले पाहिजे. एरवी त्याला थांबविण्याचा अधिकार नाही.

भिलाईत आपण गाव सोडून आलो. येथे एखाद्या लेकीसुनेवर असा प्रसंग आला, तर आई शेकडो मैल दूर आणि शेजारी भिंतीपलीकडे. त्या शेजाऱ्याने कुजबुज करावी की तिच्यासोबत रुग्णालयाच्या पायऱ्या चढाव्या, हे कोणताही कायदा ठरविणार नाही. ते आपणच ठरवावयाचे आहे.