एल्बच्या काठाकाठाने

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलात, तर राजवाडे पाहून झाल्यावर एक दिवस शहराबाहेरही काढा. एस-वन ही लोकल एल्ब नदीच्या काठाकाठाने धावते. एका टोकाला माइसन, दुसऱ्या दिशेला वालुकाश्माचे कडे. दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट मात्र नको.

माइसनची गोष्ट रंजक आहे. योहान बॉट्गर नावाचा तरुण सोनं बनवतो म्हणे, हे कानावर येताच सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाने त्याला कोंडूनच ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण चिनी मातीच्या शुभ्र भांड्यांची कृती हाती लागली! 1710 मध्ये कारखाना थाटला तो थेट टेकडीवरच्या गढीत, गुपित फुटू नये म्हणून. तिथली कपबशी उलटी केली, की तळाशी निळ्या तलवारींची फुली दिसते. किंमत विचारण्याआधी खुर्ची गाठावी, हे बरं.

दुसऱ्या दिशेला राटेन. इथल्या तरीला इंजिन नाही. वरच्या अंगाला नदीत रोवलेल्या लांब तारेला ती बांधलेली असते. नावाडी तिचा कोन बदलतो आणि प्रवाहच तिला पैलतीरी ढकलतो. पलीकडे चढण चढलं, की बास्टाय: नदीपासून 194 मीटर उंचीवर, सुळक्यांमधून गेलेला 1851 चा दगडी पूल. सकाळी लवकर जा, नंतर जत्रा भरते.

पुढचं स्टेशन क्योनिगश्टाइन. गडकोटांची आवड असेल, तर किल्ल्यावरची दीडशे मीटरहून खोल विहीर चुकवू नका. बॉट्गरलाही काही काळ याच किल्ल्यात डांबलं होतं.