थकलेली पोटगी



बेलापूरच्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. "वडिलांकडून पैसे आले म्हणजे वह्या घेईन," असें खालीं मान घालून सांगणारीं मुलें मीं पाहिलेलीं आहेत. कोर्टानें ठरवून दिलेले हे पैसे थकले तर काय करतां येतें, हें आज सांगावयाचें आहे.

पोटगीचें कलम 1898 च्या फौजदारी संहितेंत 488 वें होतें, 1973 च्या संहितेंत तें 125 वें झालें, आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेंत 144 वें आहे. आंकडे बदलले, वसुलीची रीत बहुतांशीं तीच राहिली. सबळ कारणावांचून रक्कम थकविल्यास दंडाच्या वसुलीप्रमाणें मॅजिस्ट्रेट वॉरंट काढतो. त्यानंतरहि बाकी राहिल्यास दर महिन्याच्या बाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद देतां येते. पैसे भरतांच सुटका होते. "महिनाभर बसून येईन, म्हणजे फिटलें," असें कांहीं बाप पारावर बोलतात. तें साफ खोटें आहे. कैद हें वसुलीचें साधन आहे, फेड नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें 2013 सालीं हें पुन्हां स्पष्ट केलें.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. रक्कम देणें झाल्यापासून एक वर्षाच्या आंत अर्ज न केल्यास तिच्यासाठीं वॉरंट निघत नाहीं. आमच्याकडील भिडस्त बाई काय करते? ऊंस कारखान्यास गेला म्हणजे देतील, दिवाळीस देतील, म्हणून थांबते. दरमहा 2,000 रुपयांप्रमाणें तीन वर्षांचे 72,000 थकले, तर वॉरंटानें मागतां येतात ते शेवटच्या वर्षाचे 24,000. मागील हक्क बुडत नाहीं, असें त्याच निकालांत आहे. पण त्यासाठीं दिवाणी दाव्याची लांबची वाट धरावी लागते. "कोर्टाची पायरी नको," हा वडीलधाऱ्यांचा उपदेश येथें मला मुळींच पटत नाहीं. पैसा मुलाच्या तोंडचा आहे; तो सोडून देण्याचा अधिकार भिडेला कोणी दिला?

म्हणून आलेल्या व चुकलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख वहींत मांडावी. 1987 च्या कायद्यान्वयें स्त्रियांस व मुलांस, उत्पन्न कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. त्यासाठीं तालुका विधि सेवा समितीकडे जावें. आणि बाप पुण्यास वा सुरतेस निघून गेला, तरी हुकुमाची प्रत दाखविल्यास तेथील मॅजिस्ट्रेटासहि त्याची अंमलबजावणी करतां येते.